क्विझमध्ये सगळ्यांना नऊ, परीक्षेत निम्मे नापास: मग क्विझ घ्यायची कशाला?

एका तरुण सहकाऱ्याने विचारलं आहे: "इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकवतो. वर्गात १२० मुलं आहेत. दर आठवड्याला दहा मार्कांची ऑनलाइन क्विझ देतो, ती घरून सोडवायची आणि मार्क इंटर्नलमध्ये धरायचे. सरासरी नऊच्या खाली कधी येत नाही, पण सेमिस्टरच्या परीक्षेत निम्मा वर्ग साध्या गणितात अडकतो. वर्गात क्विझ घेऊन पाहिली, तर चार-पाच जण उत्तरं देतात आणि बाकीचे वाट बघत बसतात. क्विझ बंद करू का?"

बंद करू नका, पण आहे तशी चालूही ठेवू नका. तुमच्या क्विझकडून तुम्ही दोन कामं एकदम करून घेताय. तिने मुलांना विचार करायला लावावा, हे एक. तिने त्यांचं मूल्यमापन करावं, हे दुसरं. घरी सोडवायच्या आणि मार्क असलेल्या क्विझमध्ये दुसरं काम पहिल्याला गिळून टाकतं. मुलगा प्रश्न सोडवत नाही, उत्तर मिळवतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्या पाच मिनिटांत दहाही उत्तरं फिरतात. मी त्यांना यासाठी दोष देणार नाही. आपण मार्क मागितले, त्यांनी मार्क आणून दिले.

मी २२ वर्षं पदवीच्या वर्गांना मेकॅनिक्स आणि फ्लुइड्स शिकवते आहे. क्विझमधून मला सर्वांत जास्त उपयोग होतो तो चुकलेल्या उत्तरांचा. कुठला चुकीचा पर्याय किती जणांनी निवडला आणि का निवडला, हे समजलं की पुढचा तास कुठून सुरू करायचा ते समजतं. सगळ्यांना नऊ मिळतात त्या क्विझमधून मला काहीच कळत नाही. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

आधी शिकण्याबद्दल. आठवायचा प्रयत्न करणं हाच अभ्यास आहे, हे मुलांना पटत नाही, कारण त्यांचा अनुभव उलटा असतो. नोट्स तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा समज होतो. वही मिटून लिहायला बसलं की अडतं, आणि अडलं की अभ्यास झाला नाही असं वाटतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर मांडते. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदाच वाचला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता: ८१ टक्के आठवला, लिहून काढलेला ७५ टक्के. आठवड्यानंतर पारडं फिरलं. दोनदा वाचलेला ४२ टक्केच उरला, लिहून काढलेला ५६ टक्के. आणि लिहून काढताना काय बरोबर, काय चूक हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

हे आकडे पाहिले की वर्गाच्या लक्षात येतं की क्विझ त्यांना पकडण्यासाठी नाही. माझ्याही लक्षात आलं की तास संपता संपता, आत्ताच शिकवलेल्यावर घेतलेली क्विझ जवळजवळ वाया जाते. तेव्हा सगळ्यांनाच येतं. माझ्या पाच प्रश्नांत दोन चालू धड्याचे, दोन गेल्या आठवड्याचे आणि एक महिनाभर मागचा असतो. त्या मागच्या प्रश्नावर मुलं कुरकुरतात. तो मी कधीच काढत नाही.

आता प्रश्न कसा काढायचा. तुमचा सर्वांत जास्त वेळ इथे जायला हवा. "यंग्ज मॉड्युलसचं एकक कोणतं?" असे प्रश्न काढायला सोपे, तपासायला सोपे आणि शोधून काढायलाही तितकेच सोपे. त्यातून पाठांतर कळतं, समज कळत नाही. माझा एक प्रश्न जवळून दाखवते.

एका टोकाला पक्का बसवलेला कॅन्टिलिव्हर बीम आहे. छेद आयताकृती, मोकळ्या टोकावर एक भार. मटेरियल, लांबी, रुंदी आणि भार तेच ठेवून बीमची उभी जाडी दुप्पट केली. बीमचं स्वतःचं वजन धरायचं नाही. मोकळ्या टोकाचं डिफ्लेक्शन, म्हणजे ते टोक किती खाली झुकतं ते, आधीच्या किती होईल? पर्याय चार: निम्मं, एक चतुर्थांश, एक अष्टमांश, एक षोडशांश.

कॅल्क्युलेटर लागत नाही, मिनिटभरात उत्तर येतं. बरोबर उत्तर एक अष्टमांश, कारण मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप, जाडीच्या घनाबरोबर वाढतो. पण मला बाकीचे तीन पर्याय जास्त प्रिय आहेत. निम्मं म्हणणाऱ्याला सगळं सरळ प्रमाणात दिसतं. छेदाच्या आकाराचा वाकण्याशी काय संबंध, हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. एक षोडशांश म्हणणारा गोल शाफ्टचं सूत्र इथे लावतोय, तिथे व्यासाचा चौथा घात असतो. त्याचं पाठांतर आहे, पण कुठलं सूत्र कुठे लावायचं हे डळमळीत आहे. आणि एक चतुर्थांश म्हणणाऱ्याने सेक्शन मॉड्युलस, म्हणजे स्ट्रेस (मटेरियलमधला ताण) काढायला लागणारं छेदाचं माप, वापरलाय. तिथे जाडीचा वर्ग येतो, आणि स्ट्रेस विचारला असता तर त्याचं उत्तर अगदी बरोबर ठरलं असतं. हा मुलगा अभ्यासू आहे. ताकद आणि ताठरपणा या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकच आहेत, आणि ही चूक घेऊन तो डिझाइनला गेला तर तिथे अडखळणार.

चुका वेगळ्या, तसे उपायही वेगळे. निम्मं म्हणणाऱ्याच्या हातात मी प्लॅस्टिकची फूटपट्टी देते. आडवी धरून वाकव, मग उभी धरून वाकव. उभी पट्टी वाकत नाही हे बोटांना जाणवलं की मगच सूत्राकडे वळायचं. चतुर्थांशवाल्याला फूटपट्टीचा उपयोग नाही. त्याला एकाच बीमसाठी स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन दोन्ही शेजारी शेजारी काढायला लावायचं. सरसकट "चूक, उत्तर एक अष्टमांश" एवढंच सांगितलं असतं, तर दोघांच्याही हाती काहीच लागलं नसतं.

हे पर्याय मला सुचलेले नाहीत, उत्तरपत्रिकांनी दिलेले आहेत. नवा प्रश्न मी पहिल्या वर्षी पर्याय न देताच विचारते. मुलं कागदाच्या चिठ्ठीवर उत्तर आणि एका ओळीत कारण लिहितात. चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावले की जास्त वेळा आलेल्या चुका आपोआप वर येतात, आणि पुढच्या वर्षी त्याच पर्याय होतात. चौथा पर्याय सापडला नाही तर तीनच ठेवा. मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की तीन पर्यायांचे प्रश्न बहुतेक ठिकाणी पुरेसे असतात. कोणीच निवडणार नाही असा पर्याय फक्त जागा अडवतो. "वरीलपैकी सर्व" तर काढूनच टाका. दोन पर्याय बरोबर दिसले की न वाचता त्यावर खूण होते.

या पद्धतीचं सर्वांत नावाजलेलं उदाहरण भौतिकशास्त्रात आहे: १९९२ साली हेस्टेनेस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी प्रसिद्ध केलेली फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी ही चाचणी. प्रश्न अगदी साधे, आकडेमोड नाही, आणि चुकीचे पर्याय म्हणजे बल आणि गती यांबद्दल माणसांच्या मनात खरोखर असलेल्या समजुती. तिच्या आधीच्या रूपातली चाचणी हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी? परीक्षेतली अवघड गणितं सोडवणाऱ्या वर्गातला हा प्रश्न. शिक्षकाने शिकवलेलं एका कप्प्यात आणि स्वतःची समजूत दुसऱ्या कप्प्यात, असं वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. चांगला प्रश्न हे दोन कप्पे समोरासमोर आणतो.

वर्गातल्या क्विझबद्दल तुम्ही म्हणता की चार-पाच जणच बोलतात. हात वर करायला सांगितलं की असंच होणार. माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली पीअर इन्स्ट्रक्शनची, म्हणजे मुलांनी एकमेकांशी चर्चा करून शिकण्याची, पद्धत मी माझ्या वर्गाच्या मापाने बदलून घेतली आहे. प्रश्न पडद्यावर आला की आधी दीड मिनिट पूर्ण शांतता. प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं आणि नोंदवायचं, मोबाइलवर किंवा ए-बी-सी-डी लिहिलेल्या कार्डावर. कार्ड छातीशी धरायचं, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. मग मी मोजते, पण आकडे दाखवत नाही. हे नीट पाळा. उत्तरांच्या आलेखात कुठला खांब उंच आहे हे एकदा पडद्यावर दिसलं की पुढच्या चर्चेत कोणी वाद घालत नाही, सगळे त्या खांबाकडे सरकतात.

साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर शेजाऱ्याशी चर्चा. त्याहून कमी असतील तर चर्चेत चूकच पसरते, तेव्हा मी थोडं पुन्हा शिकवते. जास्त असतील तर एक वाक्य सांगून पुढे जाते. चर्चेला तीन मिनिटं, मग पुन्हा एकट्याने मत.

एका तासाला विचारलेला प्रश्न असा होता. आदर्श बॅटरी, तीन सारखे बल्ब. ए बल्ब सिरीजमध्ये, त्याच्या पुढे बी आणि सी एकमेकांना पॅरलल. सी काढून टाकला. ए आणि बी च्या उजेडाचं काय होईल? मी बाकांमधून फिरत होते. एक मुलगा ठामपणे सांगत होता, "बॅटरी तीच आहे ना? मग करंट तोच. ए ला काही होणार नाही." शेजारची मुलगी म्हणाली, "अरे पण करंटला जायची एक वाट बंद केलीस की. रेझिस्टन्स वाढला, मग करंट तोच कसा राहील?" तो गप्प झाला, वहीत आकृती काढली आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "म्हणजे ए मंद होणार. पण मग बी?" बी चा उजेड वाढतो, हे त्याने पुढच्या मिनिटभरात आकडे घालून काढलं: आधी एकूण रेझिस्टन्स एका बल्बच्या दीडपट, आता दुप्पट, आधी बी ला एकूण करंटचा निम्मा भाग मिळत होता, आता सगळा. बॅटरी म्हणजे ठरावीक करंटचं यंत्र, ही त्याची समजूत मी फळ्यावर दहा वेळा खोडली असती तरी हलली नसती. बरोबरीच्या मुलीने अडवलं, तेव्हा हलली.

हुशार मुलाचं उत्तर बाकीचे उचलतात, एवढंच होतं का? ही शंका मलाही बरीच वर्षं होती. २००९ साली सायन्स या संशोधनपत्रिकेत मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. जेनेटिक्सच्या वर्गात चर्चेनंतर त्यांनी त्याच संकल्पनेवरचा दुसरा, वेगळा प्रश्न विचारला आणि तो एकट्याने सोडवायला लावला. विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं अशा गटांतही समज वाढते, असं त्यांच्या विश्लेषणातून पुढे आलं. तेव्हापासून मीही महत्त्वाच्या प्रश्नाला एक जुळा प्रश्न तयार ठेवते.

जो पटकन उत्तर देईल त्याला जास्त गुण, वर संगीत आणि पडद्यावर क्रमवारी, असे क्विझचे खेळ वर्ग जागा करायला ठीक आहेत. संकल्पनेच्या प्रश्नाला ते अजिबात लावू नका. बल्बच्या त्या प्रश्नात घाई करणारा हटकून चुकतो, आणि आकृती काढून बघणाऱ्याला आपण वर शिक्षा देतो. कहूट या क्विझच्या अॅपमध्येसुद्धा वेगाचे गुण बंद करता येतात. बंद करा.

आता मार्क आणि कॉपी. घरची क्विझ ठेवा, पण तिचे मार्क काढून टाका. कितीही वेळा सोडवू द्या, प्रत्येक वेळी आकडे बदलू द्या. मूडल या ऑनलाइन अभ्यासाच्या प्रणालीत आकडे बदलणारे कॅल्क्युलेटेड प्रश्न करता येतात; उत्तराला दोन-तीन टक्क्यांची सूट ठेवायला विसरू नका, नाहीतर राउंडिंगमुळे बरोबर मुलं चूक ठरतात आणि क्विझवरचा विश्वासच जातो. उत्तर समीकरणाच्या रूपात हवं असेल तर क्रिस सँगविन यांनी सुरू केलेलं स्टॅक हे उत्तरं तपासणारं सॉफ्टवेअर वापरून पाहा. ते मॅक्सिमा या गणिती प्रणालीकडून उत्तर तपासून घेतं, त्यामुळे मुलाने पदं उलटसुलट मांडली तरी ते ओळखतं. एआयची साधनं हाताशी आल्यापासून घरून आलेलं उत्तर मुलाचंच आहे असं धरून मार्क देणं मी सोडलं आहे.

मोजायची क्विझ वर्गात, कागदावर, दहा मिनिटांची. मी सेमिस्टरमध्ये अशा दहा घेते, त्यांतल्या चांगल्या आठ धरते आणि सगळ्यांचं मिळून वजन दहा टक्के ठेवते. एका क्विझचा वाटा इतका लहान झाला की कॉपीचा धोका पत्करण्यात अर्थ उरत नाही. दोन सोडून देण्याची मुभाही तितकीच महत्त्वाची आहे. आजारी पडलेल्या मुलाला माझ्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागत नाही.

निगेटिव्ह मार्किंग इथे नको. चार पर्यायांत चुकीला एक तृतीयांश वजा केला की अंदाजपंचे उत्तराचा सरासरी फायदा शून्य होतो, गणित बरोबर आहे. पण मग मुलं प्रश्न कोरा सोडतात, आणि कोऱ्या जागेतून मला काहीच समजत नाही. त्याऐवजी खात्री विचारा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या टोनी गार्डनर-मेडविन यांच्या पद्धतीत विद्यार्थी खात्रीच्या तीन पातळ्यांपैकी एक निवडतो: बरोबर आलं तर १, २ किंवा ३ गुण, चुकलं तर ०, वजा २ किंवा वजा ६. मी मार्क न लावता नुसती उत्तराशेजारी खूण मागते, "खात्री आहे" किंवा "नाही". खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर सापडलं की मी थांबते, कारण ते दुरुस्त करायची हीच वेळ असते. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ साली दाखवलं की अशी खात्रीची चूक, खरं उत्तर लगेच सांगितलं तर, उलट जास्त चांगली सुधारते. धक्का बसतो आणि लक्षात राहतं. त्यासाठी उत्तर त्याच तासाला मिळायला हवं. आठवड्याने परत दिलेल्या चिठ्ठीत फक्त मार्क पाहिले जातात.

क्विझ झाली की अर्धा तास आकड्यांना द्या. प्रत्येक प्रश्न किती जणांचा बरोबर आला ते पाहा. मग एकूण गुणांत वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या. १२० च्या वर्गात साधारण ३२-३२. समजा वरच्यांपैकी २६ जणांचं बरोबर आलं आणि खालच्यांपैकी १० जणांचं, तर फरक १६, भागिले ३२, म्हणजे डिस्क्रिमिनेशन इंडेक्स (प्रश्न येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांना किती वेगळं करतो त्याचं माप) ०.५. प्रश्न उत्तम. शून्याच्या आसपास आला तर प्रश्न पुन्हा वाचा. उणे आला तर चूक बहुधा तुमचीच असते.

माझ्या बाबतीत तसं झालं आहे. मी विचारलं होतं, "लॅमिनर (संथ, थराथराने वाहणारा) प्रवाह असलेल्या पाइपचा व्यास निम्मा केला तर सरासरी वेग किती पट होईल?" माझ्या मनातलं उत्तर चारपट, कंटिन्युइटीच्या समीकरणातून, म्हणजे जेवढं आत जातं तेवढंच बाहेर येतं या हिशोबाने. एक चतुर्थांश हाही एक पर्याय होता. इंडेक्स उणे आला, वर्गातली सर्वांत चांगली मुलं एक चतुर्थांशवर गेली होती. एकीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, पंप तोच आहे असं धरलं. प्रेशरचा फरक तोच राहिला तर वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे कमी होणार ना?" तिचं बरोबर होतं. फ्लो रेट (दर सेकंदाला वाहणारा द्रव) तोच ठेवला आहे, हे मी लिहिलंच नव्हतं. ज्यांनी खोलात विचार केला त्यांचे मी मार्क कापले होते. वर्गाची माफी मागून त्यांचे मार्क दिले, आणि त्या वर्षापासून कुठलाही प्रश्न वर्गात नेण्याआधी एका सहकाऱ्याकडून सोडवून घेते. आता तो पाइपचा प्रश्न मी दोन भागांत विचारते, फ्लो रेट तोच ठेवून आणि प्रेशरचा फरक तोच ठेवून, आणि त्यावर होणारी चर्चा पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली असते.

मांडणी, रचना, प्रयोगातली हातोटी, अर्धवट माहितीतून निर्णय घेणं, हे सगळं क्विझच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी लांब उत्तरं, प्रोजेक्ट आणि व्हायवाच लागतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढच्या आठवड्यापासून घरच्या क्विझचे मार्क काढून टाका आणि आठवड्यातल्या एका तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न, पर्याय न देता, चिठ्ठीवर घ्या. गठ्ठे लावा, आणि सर्वांत मोठ्या चुकीपासून पुढचा तास सुरू करा. सरासरी नऊवरून पाचवर येईल, तेव्हा वर्ग अस्वस्थ होईल. तसं होणार आहे आणि का होणार आहे, हे मुलांना आणि तुमच्या विभागप्रमुखांना आधीच सांगून ठेवा.